‘पानी’ म्हटलं म्हणून गुण कापले, आता काय करू?

वाचकाचं पत्र

मी वाशिम जिल्ह्यातली, वय २३. पुण्यात बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अध्यापनाचे विषय मराठी आणि इतिहास. घरी आम्ही वऱ्हाडी बोलतो. वर्गात मी पुस्तकातल्यासारखंच बोलते, पण ‘ण’ माझ्याकडून सुटतो. पाणी म्हणायला जाते आणि ‘पानी’ येतं. मागच्या सराव पाठाला निरीक्षक मॅडमनी आठवीच्या मुलांसमोरच मला थांबवलं आणि म्हणाल्या, “आधी स्वतः शुद्ध बोलायला शिका, मग शिकवा.” निरीक्षण तक्त्यात शेरा आला ‘उच्चार ग्रामीण’, गुण १० पैकी ३. तेव्हापासून बरोबरचे काही जण मला ‘पानी मॅडम’ म्हणतात. एकाने माझ्या पाठाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं. आडनाव विचारून झालं, “तुमच्यात असंच बोलतात का” हेही विचारून झालं. आता १६ आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेतली इंटर्नशिप, सुरू होईल. वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जाऊ का? तक्रार करू का? केली तर टिकेल का? आणि घरी गेले की भाऊ म्हणतो, “तू तं पुन्याची झाली वं!”

— एक विद्यार्थिनी

उत्तर

वाचा-उपचार तज्ज्ञाकडे जाऊ नका. तोतरेपणा, ऐकू कमी येणं, टाळू दुभंगलेला असणं, आघातानंतर वाचा जाणं, अशांसाठी ते तज्ज्ञ असतात. तुमच्या वाचेत काहीही बिघडलेलं नाही. तुम्ही ज्या बोलीत वाढलात तिच्यात ‘न’ आणि ‘ण’ हे दोन वेगळे ध्वनी नाहीत, एवढीच गोष्ट आहे. विदर्भ, मराठवाडा, खानदेश मिळून लाखो माणसं असंच बोलतात. ब्रिटिश काळात भारतातल्या भाषांची नोंद करणाऱ्या ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात वऱ्हाडी-नागपुरीची स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे ही तुमच्या पिढीने केलेली हेळसांड नव्हे.

तुमच्या पत्रात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. मराठी शिकवणाऱ्या माणसाला प्रमाण उच्चार यावा का, हा एक. तो येत नाही म्हणून मुलांसमोर पाणउतारा करता येतो का, हा दुसरा. आणि बोलण्यावरून कोणी आडनावापर्यंत पोचत असेल तर त्याचं काय करायचं, हा तिसरा. ही गाठ सोडवली नाही तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे म्हणून बाकी दोन्ही मुकाट गिळायला लागतात. असं बहुतेकांचं होतं.

आधी त्या ‘शुद्ध’बद्दल. संस्कृतात मूळ शब्द पानीय. त्यात ‘न’ आहे. महाराष्ट्री प्राकृताने जवळजवळ सगळ्या ‘न’चा ‘ण’ केला आणि तिथून मराठीत पाणी आलं. स्थानपासून ठाणं आणि जनपासून जण हेही त्याच वाटेने आले. उलट कर्ण, पर्ण, सुवर्ण यांत संस्कृतात ‘ण’ आहे, पण प्राकृतात तो दुहेरी होऊन कण्ण, पण्ण, सुवण्ण झाला आणि मराठीत त्याचे कान, पान, सोनं झाले. ‘शुद्ध’ म्हणजे मुळाला धरून असेल तर तुमचं ‘पानी’ मुळाच्या जास्त जवळ आहे आणि ‘कान’ म्हणणारं अख्खं पुणे अशुद्ध बोलतंय. शिवाय हेच ‘पानी’ हिंदीत म्हटलं की कोणाचे कान टवकारत नाहीत. मग राहतं काय? पेशवाईनंतर मुंबई इलाख्यात कोश, व्याकरणं, क्रमिक पुस्तकं तयार झाली. मोल्सवर्थचा कोश १८३१चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं. त्या कामाला जे शास्त्री-पंडित बसले त्यांच्या बोलण्यावर प्रमाण भाषा बेतली गेली. त्यांच्याच हातात पुढे शाळा, छापखाने आणि परीक्षा होत्या. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होतं. वऱ्हाडी माणूस त्या बैठकीला असता तर आज ‘पाणी’ म्हणणाऱ्या पोरींचे गुण कापले गेले असते, आणि तेही तितकंच चूक ठरलं असतं.

ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय घडतं याचेही पुरावे आहेत. मॉन्ट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच दुभाषी माणसाचं वाचन इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये ध्वनिमुद्रित केलं आणि लोकांना ऐकवलं. ऐकणाऱ्यांना ती दोन वेगळी माणसं वाटली. इंग्रजीतला आवाज त्यांना जास्त हुशार वाटला, आणि १९६०मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत फ्रेंच बोलणाऱ्यांनीही आपल्याच भाषेतल्या आवाजाला कमी लेखलं होतं. आपल्या बोलीची लाज आपल्यालाच वाटायला लागते ती अशी. न्यूयॉर्कमध्ये भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या दुकानांतल्या विक्रेत्यांकडून ‘फोर्थ फ्लोअर’ एवढे दोनच शब्द वदवून घेतले. दुकान जितकं महाग तितका शेवटचा ‘र’ स्पष्ट. लंडनमध्ये मात्र प्रतिष्ठित इंग्रजीत तोच ‘र’ गाळतात. तेव्हा प्रतिष्ठा त्या ‘र’मध्ये नाही आणि आपल्या ‘ण’मध्येही नाही.

एवढं बोलूनही तुम्ही ‘ण’ शिकावा असंच आमचं मत आहे. बोलीचं कौतुक करून तुम्हाला तसंच सोडून देणं सोपं आहे, पण त्याची किंमत मुलाखतीत तुम्ही मोजाल, आम्ही नाही. मराठीच्या शिक्षकाला दोन्ही उच्चार वेगळे करून दाखवता आले पाहिजेत. कारण लेखनात ते वेगळे आहेत आणि मुलं विचारणार. ही कामाची गरज आहे. ती भूगोलाच्या किंवा गणिताच्या शिक्षकाला इतकी लागू होत नाही, आणि घरच्या फोनवर तर अजिबात नाही.

हे वाटतं तितकं अवघडही नाही, कारण ‘ण’ तुम्ही रोज म्हणता. थंड, अंडं, घंटा, गुंडाळ, पेंढा हे शब्द म्हणा. ट, ठ, ड, ढ यांच्या आधी येणारा अनुस्वार हा ‘ण’च असतो. पुढच्या ‘ड’साठी जीभ आधीच वर वळलेली असते, म्हणून नाकातला आवाजही तिथूनच निघतो. ‘अंडं’ म्हणायला सुरुवात करा आणि ‘ड’ फुटायच्या आधी थांबा. जिभेचं टोक दातांना लागलेलं नाही, वर टाळूकडे वळून टेकलंय, हे जाणवेल. तिथेच धरून नाकातून दोन सेकंद ‘ण्ण्ण्’ वाजू द्या. मग ‘ड’च्या जागी स्वर सोडा: अण्-आ, अण्-ई, अण्-ऊ. आता पुढे ‘प’ लावा. पाणी झालं. जीभ फार मागे ओढू नका, आवाज घशात अडकल्यासारखा येतो आणि ऐकणाऱ्याला नाटकी वाटतो.

रोज दहा मिनिटं, चार आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात फक्त हा थांबा आणि सुटे अक्षरगट. दुसऱ्या आठवड्यात शब्द, पण शब्दकोशातून काढलेले नकोत. बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारे घ्या: आणि, पण, म्हणजे, म्हणून, आपण, कोण, कारण. त्यांच्या जोडीला तीन शेपट्या: करणे-जाणे यांतला ‘-णे’, येणारा-जाणारा यांतला ‘-णारा’, मोठेपणा-लहानपण यांतला ‘-पण’. वर्गात तोंडी येणाऱ्या ‘ण’चा मोठा हिस्सा इथेच भागतो. तुम्ही इतिहास शिकवता, तर ‘कारणे आणि परिणाम’ हे तीन शब्द रोज दहा वेळा म्हणा. त्यांच्याशिवाय इतिहासाचा एकही तास जात नाही आणि तिन्हींत ‘ण’ आहे. तिसऱ्या आठवड्यात उतारा मोठ्याने वाचा. चौथ्यात पुस्तक मिटून, एखाद्या घटनेवर दोन मिनिटं बोला आणि मोबाइलवर मुद्रित करा. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं की आपण काय म्हणणार होतो तेच ऐकू येतं.

चौथा आठवडा लागला की बहुतेकांना वाटतं सगळं पाण्यात गेलं. वाचताना नीट येणारा ‘ण’ बोलताना गळतो, घाईत तर हमखास. लक्ष आशयाकडे गेलं की जीभ जुन्या सवयीवर जाते. म्हणून पाठ टाचणात ‘ण’चे शब्द लाल पेनाने अधोरेखित करा, पण एका पाठात पाच-सहाच. ज्यांवर पाठ उभा आहे ते शब्द आणि फळ्यावर लिहिणार ते शब्द. बाकीचे सुटले तर सुटू द्या.

दुसरा खड्डा याहून वाईट. ‘ण म्हण, ण म्हण’ असं ऐकून माणूस धास्तावतो आणि जिथे ‘न’ हवा तिथेही ‘ण’ लावतो: मणात, माणसिक, जीवण. याला अतिशुद्धीकरण म्हणतात आणि त्याची टिंगल ‘पानी’पेक्षा जास्त होते, कारण त्यात धडपड दिसते. त्यावर उपाय म्हणजे ‘ण’ कुठे येतो ते माहीत असणं. मराठी शब्दाच्या सुरुवातीला ‘ण’ येत नाही, तिथे निर्धास्त ‘न’ म्हणा. संस्कृतातून आलेल्या शब्दांना नियम आहे. आधी ऋ, र किंवा ष असेल तर पुढच्या ‘न’चा ‘ण’ होतो: ऋण, कारण, हरण, भाषण, ग्रहण, प्रमाण. पण मध्ये च, ट किंवा त वर्गातलं अक्षर किंवा श, स, ल आडवं आलं तर होत नाही: दर्शन, वर्तन, अर्जन, रचना, प्रार्थना. सर्वनाम हा समास आहे, म्हणून तिथे ‘न’ राहतो. तद्भव, म्हणजे संस्कृतातून बदलत बदलत आलेल्या पाणी-कानसारख्या शब्दांना असा नियम नाही, ते कानाने आणि डोळ्याने लक्षात ठेवायचे. शंका आली तर ‘न’ म्हणा. चुकलात तरी तुमच्या बोलीत चुकाल, हवेत नाही.

‘शाळा’चं ‘शाया’ आणि ‘डोळा’चं ‘डोया’ तुमच्याकडे होत असेल तर तोही याच पद्धतीने सुधारतो. जीभ ‘ड’च्याच जागी ठेवायची, हवा नाकाऐवजी जिभेच्या बाजूंनी सोडायची आणि जीभ झटकन खाली आपटायची. पण एका वेळी एकच ध्वनी घ्या. आणि शब्दांचं वेगळं बघा. ‘मले-तुले’ तुम्ही वर्गात आपोआप टाळत असाल, पण ‘सांबार’सारखा शब्द फसवतो. तुमच्या घरी ती कोथिंबीर आहे, पुण्यातल्या मुलासाठी इडलीबरोबरचं वरण. इथे समजण्याचाच प्रश्न आहे, म्हणून असे शब्द वापरले तर लगेच अर्थ सांगा. ‘न-ण’मध्ये हा धोका नगण्य. मन-मण, तन-तण अशा जोड्या आहेत खऱ्या, पण इतिहासाच्या तासाला ‘तण’ उपटायची वेळ येत नाही.

आता गुणांकडे. १० पैकी ३ कशाचे, ते लेखी निकष मागून बघा. ‘उच्चार’ या रकान्यात साधारणपणे आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का, वेग, विराम, विषयातल्या संज्ञांचा उच्चार, वाचनातला आघात हे सगळं येतं. एका ध्वनीवर सात गुण गेले असतील तर बाकीच्या बाबींचं मूल्यमापनच झालेलं नाही, हा तुमचा मुद्दा. ‘ग्रामीण’ हा शेरा निकष नव्हे. तो माणूस कुठला आहे ते सांगतो, पाठ कसा झाला ते सांगत नाही. मॅडमना भेटायला जाताना पाठ टाचण, निरीक्षण तक्ता आणि निकषांची प्रत हातात असू द्या. एकच प्रश्न विचारा: “मॅडम, माझ्या उच्चारामुळे विद्यार्थ्यांना कोणता शब्द किंवा मुद्दा कळला नाही?” उत्तर लिहून घ्या. मग म्हणा, “मी ‘ण’वर काम करते आहे. हा पाठ मला पुन्हा घ्यायला आवडेल, शक्य असेल तर दुसऱ्या निरीक्षकांसमोर.” ‘आमच्याकडे असंच बोलतात’ या वाक्याने सुरुवात करू नका. ते खरं असलं तरी समोरच्याला ‘मग बदला’ म्हणायला मोकळीक मिळते आणि चर्चा तुमच्या गावावर जाते. चर्चा तक्त्यावर ठेवा.

बरोबरच्या विद्यार्थ्यांचं प्रकरण वेगळं आहे, आणि इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९चे. त्यांत २०१६ साली दुरुस्ती होऊन रॅगिंगच्या व्याख्येत आणखी भर पडली. धर्म, जात, लिंग, दिसणं यांच्याबरोबरच प्रादेशिक मूळ, भाषिक ओळख, जन्मस्थान आणि राहण्याचं ठिकाण यांवरून एखाद्या विद्यार्थ्याला त्रास देणं किंवा वगळणं हेही रॅगिंग ठरतं. तो विद्यार्थी पहिल्या वर्षाचा असो वा नसो. प्रवेशाच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी आणि पालकांनी जे हमीपत्र भरलं ते याच विनियमांखालचं. ‘पानी मॅडम’ ही गंमत आहे असं म्हणणाऱ्यानेही ते भरलेलं आहे.

पहिली पायरी तरीही तोंडी असू द्या, दोघा-चौघांसमोर, आवाज न चढवता: “मला या नावाने हाक मारू नका. माझं नाव तुम्हाला माहीत आहे.” स्पष्टीकरण जोडू नका, हसू तर नकाच. हसलात की पुढे तेच ‘ती पण हसायची’ म्हणून तुमच्यावर उलटतं. त्यानंतरही चालू राहिलं तर वहीत नोंदी ठेवा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द जसेच्या तसे, कोण हजर होतं. ग्रुपवरचे स्क्रीनशॉट तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसेल असे घ्या आणि कोणालाही पुढे पाठवू नका, नाहीतर तुम्हीच पसरवलं असा कांगावा होतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये आठवीची मुलं दिसत किंवा ऐकू येत असतील तर तो शाळेचाही प्रश्न आहे. मुख्याध्यापकांना सांगा, त्यांचा शब्द महाविद्यालयात चालतो. मग रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समिती हलत नसेल तर १८००-१८०-५५२२ ही आयोगाची मोफत मदतवाहिनी चोवीस तास चालते.

मॅडमविरुद्धची तक्रार रॅगिंगमध्ये बसत नाही. विनियमांतलं रॅगिंग हे विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला दिलेला त्रास असतं. त्यासाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. २०२३च्या विनियमांप्रमाणे ती प्रत्येक महाविद्यालयात असायला हवी आणि तक्रार आल्यापासून १५ कामाच्या दिवसांत तिने शिफारशींसह अहवाल द्यायला हवा. निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. बहुतेक तक्रारी इथे एकाच कारणाने पडतात: ‘माझ्या भाषेला नावं ठेवली’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर उत्तर तयार असतं, ‘सुधारणा सांगणं हे आमचं काम आहे’, आणि ते खरंही आहे. म्हणून अर्जात सुधारणेला हरकत घेऊच नका. हरकत तीन गोष्टींना घ्या: पाठ चालू असताना विद्यार्थ्यांसमोर थांबवलं, ‘आधी स्वतः शिका’ हे वाक्य वापरलं, आणि निकषाबाहेरचा शेरा देऊन गुण कापले. मागणीही छोटी ठेवा: पाठाचं पुन्हा निरीक्षण आणि शेरा निकषांच्या भाषेत. ‘मॅडमवर कारवाई’ मागितली की सगळा विभाग त्यांच्या मागे उभा राहतो आणि तुमची आंतरवासिता त्याच विभागाकडे असते. हा सल्ला आदर्श नाही, व्यवहाराचा आहे.

आडनाव विचारणं आणि ‘तुमच्यात’ हा शब्द, इथे भाषेचा विषय संपतो आणि जातीचा सुरू होतो. आपल्याकडे बोली ऐकून जिल्हा, जिल्ह्यावरून गाव आणि आडनावावरून जात शोधायची सवय इतकी मुरलेली आहे की विचारणाऱ्याला आपण काय विचारतोय ते कळतही नाही. कधी कधी नीट कळतं. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीच्या आहात की नाही, हे पत्रात नाही. असाल तर १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) यांची माहिती असावी. लोकांसमोर, मानहानी करण्याच्या हेतूने केलेला अपमान पहिल्यात येतो, जातीवाचक शिवीगाळ दुसऱ्यात. नुसता उच्चारावरचा शेरा यात आपोआप बसत नाही, हेतू आणि जागा दोन्ही दाखवावं लागतं. म्हणून त्या वाटेने जायचं तर आधी महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या अनुसूचित जाती-जमाती कक्षाशी आणि एखाद्या वकिलाशी बोला. नोंदवहीत मात्र ‘तुमच्यात’ हा शब्द ज्या दिवशी जसा आला तसा लिहून ठेवा. संविधानाचा आधार कोणी सुचवला तर एक लक्षात ठेवा: अनुच्छेद १५च्या यादीत भाषा नाही, जन्मस्थान आहे. अनुच्छेद २९(२)मध्ये भाषा आहे, पण तो शासकीय आणि अनुदानित संस्थांतल्या प्रवेशापुरता.

आंतरवासितेच्या १६ आठवड्यांत तुमच्यासमोर बांधकामावरच्या, ऊसतोड कुटुंबांतल्या, पारधी वस्तीवरच्या घरांतली मुलं बसतील आणि तुमच्यासारखंच वाचतील. इथे एक बारीक गोष्ट शिक्षकही विसरतात. मुलाने पुस्तकातलं ‘पाणी’ पाहून ‘पानी’ म्हटलं, तर त्याने ते बरोबर वाचलं. अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थ लागला आणि आपल्या घरच्या उच्चारात म्हटला. तिथे थांबवलं तर वाचनाचा ओघ तुटतो, आणि तीन-चारदा थांबवलेलं मूल हात वर करायचं सोडतं. मुलाने वहीत ‘पानी’ लिहिलं तर मात्र ती लेखनाची चूक, ती दुरुस्त करायची. पण कानाने नाही. श्रुतलेखनात ‘पाण्ण्णी’ असं ताणून सांगण्याचा उपयोग नाही, ज्याच्या कानाला फरकच नाही त्याला ताणलेलं फक्त मोठ्याने ऐकू येतं. डोळ्याने शिकवा: पाणी, पाणवठा, पाणथळ, पाणबुडी असं शब्दांचं कुटुंब फळ्यावर ठेवा, आठवड्याला असं एकच. आपला ‘ण’ आधी ट-ठ-ड-ढच्या शब्दांतून दाखवा, मुलांना जीभ कुठे टेकली ते बोटाने दाखवायला मजा येते. उच्चाराचा वेगळा तास ठेवा, दहा मिनिटांचा, आणि त्या दहा मिनिटांबाहेर उच्चारावर बोलायचं नाही हे स्वतःवर बंधन घाला.

कोणी सहशिक्षक मुलांना ‘गावठी’ म्हणत असेल तर शिक्षण हक्क कायदा, २००९चं कलम १७ आठवा: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं की माध्यम शक्य तेवढं मुलाच्या मातृभाषेचं असावं. बोलींचे नमुने वर्गात ऐकवायचे असतील तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात जिल्ह्याजिल्ह्यांतली माणसं बोलताना ऐकायला मिळतात, ऑनलाइन आणि फुकट. आठवीच्या मुलांना दोन नमुने ऐकवा आणि कोणता कुठला ते ओळखायला सांगा. कोणता चांगला, हे विचारू नका. आणि मराठी भाषा विद्यापीठ कुठे आहे, हेही एकदा विचारून बघा. ते अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आहे, वऱ्हाडात, हे पुण्यातल्या किती शिक्षकांना माहीत असतं कोण जाणे.

राहिला भाऊ. त्याला तुमचा ‘ण’ खुपत नाही, तुम्ही घरात तो वापरता ते खुपतं. हा अभ्यास पाठापुरता आणि वाचनापुरता ठेवा. घरी पाऊल टाकलं की ‘मले’ म्हणा, ‘कायले’ म्हणा, ‘डोया’ म्हणा. जिभेला दोन्ही सवयी ठेवता येतात, त्यातली एक मोडावी लागत नाही. वसतिगृहात घरचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू बोलण्याची सवय लागली असेल तर ती सोडा. खोलीतच बोला, नेहमीच्या आवाजात.